तळे, शाळा आणि नागरिकत्व : नाते-महाड परिसराचा शैक्षणिक इतिहास

महाडहून रायगडाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे नाते हे गाव दोन कारणांनी सर्वपरिचित आहे : रायगड किल्ल्याचे सान्निध्य आणि पुढे देशाचे अर्थमंत्री झालेले चिंतामणराव देशमुख यांचे जन्मगाव असण्याचा मान. महाड आणि पोलादपूर तालुक्यांच्या डोंगराळ पट्ट्याचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास शिक्षणाच्या अंगाने तपासला, तर या परिसराची आणखी एक ओळख पुढे येते. शाळेत कोणाला बसू द्यायचे, शाळेचा खर्च कोणी सोसायचा आणि शाळेवर ताबा कोणाचा असावा, या तीन प्रश्नांवरचा झगडा येथे विलक्षण स्पष्टपणे घडला आणि त्या झगड्यातूनच सार्वजनिक जीवनात नागरिक म्हणून कोणाला मोजायचे, हा प्रश्नही ऐरणीवर आला. या इतिहासातून निघणारा निष्कर्ष असा की, हक्क कागदावर देऊन त्याची अंमलबजावणी स्थानिक बलिष्ठांच्या मर्जीवर सोपवणारे शिक्षणधोरण विषमता कमी करत नाही, उलट तिला कायद्याचा आडोसा देते. आणि असे धोरण खरे करून घेण्याचे काम बहुतेक वेळा ज्यांना वगळले गेले त्यांनाच, नागरिक म्हणून पुढे येऊन, करावे लागते.

खोत, वतन आणि पलटण

एकोणिसाव्या शतकातील दक्षिण कुलाब्याची, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्याच्या दक्षिण भागाची, समाजरचना समजून घेतल्याशिवाय तेथील शाळेचा इतिहास उलगडत नाही. या भागातील अनेक गावांत खोती पद्धत होती. म्हणजे सरकार आणि कूळ यांच्यामध्ये खोत हा सारा गोळा करणारा मध्यस्थ असे आणि गावच्या जमिनीवर, पर्यायाने गावच्या जीवनावर, त्याची पकड असे. महार समाजाकडे गावकीचे वतन होते. गावच्या सीमेची राखण, सरकारी निरोप व टपाल पोचवणे, मेलेली जनावरे ओढून नेणे अशी कामे त्यात येत आणि त्यांच्या बदल्यात थोडी वतनी जमीन व बलुते, म्हणजे गावच्या पिकातील वाटा, मिळे. या कामांना वेळेची मर्यादा नव्हती आणि नकार देण्याची सोय नव्हती, म्हणून व्यवहारात ते वतन वेठीपेक्षा फारसे वेगळे राहिले नव्हते. लिहिण्यावाचण्यावर चालणारे व्यवसाय, म्हणजे कुलकर्ण, कारकुनी आणि पुढे वकिली, प्रामुख्याने ब्राह्मण व चांद्रसेनीय कायस्थ प्रभू घराण्यांत होते. ब्रिटिश राजवटीत सरकारी नोकरीसाठी इंग्रजी शिक्षणाची अट आली, तेव्हा तिचा लाभ घेण्याची पूर्वतयारी साहजिकच याच घराण्यांत होती.

या चौकटीला पहिली फट पडली ती शाळेमुळे नव्हे, तर पलटणीमुळे. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यात कोकणातील महार तरुणांची मोठ्या प्रमाणावर भरती झाली आणि सैनिकांना व त्यांच्या मुलांना पलटणीच्या शाळांतून लिहिणे-वाचणे शिकवले जाई. निवृत्त होऊन परतलेले सुभेदार, जमादार आणि हवालदार हे अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील पहिले साक्षर सार्वजनिक पुरुष ठरले. महाडजवळच्या रावढूळ गावचे गोपाळबाबा वलंगकर हे त्यांपैकी अग्रणी होत. १८८६ मध्ये सैन्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक विचाराचा प्रसार केला, ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका लिहून अस्पृश्यतेला शास्त्राधार विचारला आणि महार सैन्यभरती बंद झाल्यावर ती पुन्हा सुरू करावी, असा अर्जही तयार केला. १८९५ मध्ये महाडच्या तालुका लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली, तेव्हा सवर्णांकडून तिला मोठा विरोध झाला. एक साक्षर, निवृत्त सैनिक स्थानिक कारभारात शेजारी बसतो, ही गोष्टच अनेकांना असह्य वाटली. शिक्षण मिळाले तरी नागरिकत्व आपोआप मिळत नाही, याची ही या परिसरातील पहिली ठळक नोंद म्हणावी लागेल.

सैन्यभरती बंद झाल्याचा परिणाम दूरगामी होता. पलटण ही साक्षरतेची, पेन्शनची आणि प्रतिष्ठेची एकमेव वाट होती. ती बंद होताच पुढची पिढी पुन्हा वतनाकडे आणि मुंबईच्या गोदी-गिरण्यांकडे ढकलली गेली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाड येथे १९२७ मध्ये भरलेल्या बहिष्कृतांच्या परिषदेतील भाषणात कोकणातील अस्पृश्य समाजाच्या एकेकाळच्या प्रगतीचे आणि नंतरच्या पीछेहाटीचे विवेचन करताना हेच कारण पुढे ठेवले होते. प्रगतीचा जो मार्ग हक्क म्हणून नव्हे, तर राज्यकर्त्यांची गरज म्हणून उघडलेला असतो, तो गरज संपताच बंद होतो.

कर सर्वांचा, शाळा काहींची

पलटणीबाहेरच्या शिक्षणाची स्थिती सरकारी धोरणाने ठरवली. १८५४ च्या वुडच्या खलित्याने, म्हणजे कंपनी सरकारने हिंदुस्थानातील शिक्षणासाठी आखून दिलेल्या धोरणपत्राने, जनसामान्यांपर्यंत शिक्षण नेण्याचे ध्येय जाहीर केले होते. पण दोनच वर्षांनी, १८५६ मध्ये, धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला, तेव्हा इतर विद्यार्थी शाळा सोडतील या भीतीने मुंबई सरकारने त्याला साह्य करण्याचे नाकारले. पुढे १८५८ मध्ये कंपनीच्या संचालक मंडळाने सरकारी शाळा सर्व जातींना खुल्या असल्याचे तत्त्व स्पष्ट केले. तथापि तत्त्व मान्य करणे आणि ते पाळले जात आहे की नाही हे पाहणे, या दोन वेगळ्या गोष्टी राहिल्या. तत्त्वापुरती समता आणि व्यवहारात शांततेला प्राधान्य, ही सरकारी भूमिका पुढील साठ-सत्तर वर्षे कायम राहिली.

दुसरी विसंगती पैशाची होती. १८६० च्या दशकात मुंबई इलाख्यात लोकल फंडाची पद्धत आली. शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा जादा उपकर घ्यायचा आणि त्यातील तिसरा हिस्सा प्राथमिक शिक्षणावर खर्च करायचा, अशी ही योजना होती. म्हणजे खेड्यातील शाळेचा भार जमीन कसणाऱ्यावर येत होता; मात्र त्या शाळेत टिकून राहून पुढे जाणारी मुले बहुतांशी जमीन न कसणाऱ्या घरांतील असत. जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात याच अन्यायावर बोट ठेवले. सरकारी उत्पन्नाचा मोठा भाग कष्टकरी रयतेच्या घामातून येतो, पण शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे झुकतो, हे दाखवून त्यांनी प्राथमिक शिक्षण किमान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करावे, अशी मागणी केली. शिक्षणधोरणाचा विचार करदात्याच्या हक्काच्या भाषेत मांडणारे हे महाराष्ट्रातील पहिले महत्त्वाचे निवेदन होते आणि नागरिकत्वाची कल्पना त्याच्या मुळाशी होती : ज्याच्या पैशातून शाळा उभी राहते, त्याच्या मुलाला त्या शाळेत बसण्याचा हक्क आहे.

एका तालुक्यातील दोन विद्यार्थी

धोरणातील ही विषमता माणसांच्या आयुष्यात कशी उतरत होती, याचे उदाहरण याच तालुक्यात सात वर्षांच्या अंतराने जन्मलेल्या दोन बुद्धिमान मुलांच्या वाटचालीत सापडते. १४ जानेवारी १८९६ रोजी नाते येथे जन्मलेले चिंतामण द्वारकानाथ देशमुख हे वकिली करणाऱ्या वडिलांचे पुत्र होते. १९१२ मध्ये ते मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत पहिले आले आणि संस्कृतची मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळवली. पुढे केंब्रिजला निसर्गविज्ञानाचे शिक्षण घेऊन ते आय.सी.एस. परीक्षेतही पहिले आले, १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि १९५० मध्ये देशाचे अर्थमंत्री झाले. या यशामागची बुद्धिमत्ता आणि परिश्रम असामान्य होते, यात शंका नाही.

रामचंद्र बाबाजी मोरे यांचा जन्म १९०३ मध्ये महाड तालुक्यातीलच लाडवली येथे महार कुटुंबात झाला. प्राथमिक शिक्षणात चमकलेल्या या मुलाने अलिबागला परीक्षा देऊन शिष्यवृत्ती मिळवली. परंतु महाडच्या इंग्रजी शाळेत त्याला जातीमुळे प्रवेश नाकारला गेला. तेव्हा या अन्यायाविषयीचे पत्र वृत्तपत्रात प्रसिद्ध झाले. सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळेने असा नकार दिल्यास तिचे अनुदान चालू ठेवावे काय, हा प्रश्न उपस्थित झाल्यावर प्रवेश देण्यात आला, पण वर्गात इतरांबरोबर बसण्याची मुभा मिळाली नाही. वर्गाबाहेर वेगळे बसून शिकणारा हा विद्यार्थी पुढे महाडच्या १९२७ च्या परिषदेचा प्रमुख संघटक आणि नंतर कामगार चळवळीचा नेता झाला.

दोघांनीही शिष्यवृत्त्या मिळवल्या, म्हणजे गुणवत्तेच्या सरकारी कसोटीला दोघेही उतरले होते. फरक पडला तो कसोटीनंतर. एकाला गुणवत्तेने दारे उघडून दिली, तर दुसऱ्याला गुणवत्ता सिद्ध केल्यानंतरही दारासाठी भांडावे लागले आणि दार उघडल्यावरही आत जाता आले नाही. म्हणूनच केवळ शिष्यवृत्त्या देऊन शिक्षणातील विषमता मिटते, ही समजूत या तालुक्याच्या अनुभवावर टिकत नाही. मोरे यांच्या प्रकरणातून आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली. शाळेला बदलायला लावले ते उपदेशाने नव्हे, तर अनुदानाच्या प्रश्नाने आणि तो प्रश्न जाहीरपणे विचारणाऱ्या पत्राने. सार्वजनिक पैसा घेणाऱ्या संस्थेला सार्वजनिक नियम लागू आहेत, हे तत्त्व एका विद्यार्थ्याच्या प्रवेशातून महाडमध्ये प्रथम प्रस्थापित होऊ लागले.

एकाच ठरावात तळे आणि शाळा

हेच तत्त्व पुढे कायदेमंडळात पोचले. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदेमंडळात मांडलेला ठराव संमत झाला. सरकारी पैशातून बांधलेली किंवा सरकारने नेमलेल्या संस्थांच्या ताब्यातील सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, अशी त्यात शिफारस होती. पाणी आणि अक्षर या दोन्ही गोष्टी एकाच ठरावात, एकाच हक्काखाली आल्या, हे या ठरावाचे वैशिष्ट्य होय. सुरेंद्रनाथ तथा सुरबानाना टिपणीस यांच्या पुढाकाराने महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये त्यानुसार ठराव करून गावातील चवदार तळे अस्पृश्यांना खुले केल्याचे जाहीर केले. प्रत्यक्षात मात्र तळ्यावर जाण्याची परिस्थिती निर्माण झाली नाही. शिफारशीने काम होत नाही असे दिसल्यावर बोले यांनी ऑगस्ट १९२६ मध्ये दुसरा ठराव आणला आणि पहिल्या ठरावाची अंमलबजावणी न करणाऱ्या नगरपालिका व लोकल बोर्डांचे अनुदान थांबवावे, अशी मागणी केली. एका विद्यार्थ्याच्या प्रवेशासाठी वापरले गेलेले अनुदानाचे हत्यार आता संपूर्ण इलाख्यासाठी मागितले जात होते.

बोले यांच्या पहिल्या ठरावाच्याच वर्षी, म्हणजे १९२३ मध्ये, प्राथमिक शिक्षणाविषयी आणखी एक निर्णय झाला. १९१८ च्या कायद्याने नगरपालिकांना सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू करण्याची परवानगी दिली होती. १९२३ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने प्राथमिक शाळांचा कारभार स्थानिक संस्थांच्या स्कूल बोर्डांकडे, म्हणजे शाळांचे नियंत्रण करणाऱ्या स्थानिक मंडळांकडे, सोपवला. वरवर पाहता हे लोकशाहीचे पाऊल होते : गावची शाळा गावच्या प्रतिनिधींच्या हाती. पण मतदानाचा हक्क तेव्हा मालमत्ता आणि शेतसाऱ्यावर बेतलेला होता, त्यामुळे बोर्डावर बसणारे प्रतिनिधी हे खोत, जमीनदार आणि सुस्थित वर्गाचेच असत. ज्यांच्या घरी वेठीचे हात हवेत, त्यांच्याच हाती त्या हातांना पाटी देण्याचा अधिकार गेला. १९२८ मध्ये घटनात्मक सुधारणांचा विचार करणाऱ्या सायमन आयोगापुढे बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने सादर केलेल्या निवेदनात डॉ. आंबेडकरांनी हा धोका स्पष्ट मांडला. प्राथमिक शिक्षण स्कूल बोर्डांकडे सोपवणे थांबवले नाही आणि सक्ती खऱ्या अर्थाने लागू केली नाही, तर अस्पृश्य समाजाच्या शिक्षणाची पीछेहाट होईल, असे त्यांचे म्हणणे होते. विकेंद्रीकरण हे स्वतःच लोकशाही नव्हे. ज्या गावात सत्ता विषम आहे, तेथे सत्तेचे विकेंद्रीकरण म्हणजे विषमतेचेच विकेंद्रीकरण ठरू शकते, हा त्यामागचा विचार आजही विचारात घ्यावा असा आहे.

महाडच्या परिषदेच्या अवघ्या एक आठवडा आधी, १२ मार्च १९२७ रोजी, डॉ. आंबेडकर मुंबई कायदेमंडळात शिक्षणावरील खर्चाविषयी बोलले होते आणि त्या भाषणातील आकडे या संपूर्ण प्रश्नाचा पाया उघड करतात. प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या दर १०० मुलांपैकी फक्त १८ मुले चौथीपर्यंत पोचतात आणि उरलेली ८२ पुन्हा निरक्षरतेत जातात, हे त्यांनी दाखवले. त्या वेळच्या गतीने शाळेत जाण्याच्या वयाची सर्व मुले शाळेत यायला ४० वर्षे आणि सर्व मुली यायला ३०० वर्षे लागतील, असा त्यांचा हिशेब होता. सरकार शिक्षणावर दरडोई १४ आणे खर्च करते, तर दारूवरील अबकारी करातून दरडोई दोन रुपयांहून अधिक वसूल करते, याकडेही त्यांनी लक्ष वेधले. दर हजार लोकसंख्येमागे प्राथमिक शाळेतील विद्यार्थी पुढारलेल्या हिंदूंत ११९, मुसलमानांत ९२, मध्यम वर्गांत ३८ आणि मागास वर्गांत १८ होते. महाविद्यालयीन शिक्षणात ही दरी त्याहून कित्येक पटींनी रुंद होत असे. शिक्षण ही प्रत्येकाच्या आवाक्यात असली पाहिजे अशी गोष्ट आहे आणि ज्यांना ती आजवर नाकारली गेली त्यांना समान वागणूक देऊन भागणार नाही, तर विशेष साह्य द्यावे लागेल, हा त्या भाषणाचा मथितार्थ होता.

महाड : नागरिकत्वाची शाळा

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली आणि दुसऱ्या दिवशी प्रतिनिधींनी चवदार तळ्यावर जाऊन पाणी घेतले. परिषदेनंतर परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले. हे सर्व सुपरिचित आहे. पण या घटनेचे शिक्षणाशी असलेले नाते सहसा बाजूला राहते. तळ्यावर जाणारे लोक नवा हक्क मागत नव्हते. कायदेमंडळाने आणि नगरपालिकेने आधीच मान्य केलेला हक्क ते बजावत होते. ठराव वाचणे, त्याचा अर्थ समजून घेणे आणि त्याच्या आधारे संघटितपणे कृती करणे, हे लोकशाही नागरिकत्वाचे मूळ कौशल्य आहे आणि ते येथे हजारो निरक्षर माणसांनी, मोजक्या साक्षर कार्यकर्त्यांच्या साथीने, आत्मसात केले. रा. बा. मोरे यांच्याबरोबर अनंत विनायक चित्रे, सुरबानाना टिपणीस, गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे अशी सवर्ण मंडळीही या कामात होती. चित्रे आणि टिपणीस हे देशमुखांप्रमाणेच कायस्थ प्रभू समाजातील होते. शिक्षणाची परंपरा असलेल्या घरांतील लोक त्या शिक्षणाचा उपयोग दरी टिकवण्यासाठी करतात की ती बुजवण्यासाठी, हा जन्माचा नसून निवडीचा प्रश्न आहे, हे त्यांनी सिद्ध केले.

डिसेंबर १९२७ मधील सत्याग्रह परिषदेत हा आशय अधिक व्यापक झाला. २५ डिसेंबरला सहस्रबुद्धे यांच्या प्रस्तावानुसार मनुस्मृतीचे दहन झाले आणि मानवी हक्कांचा जाहीरनामा संमत झाला. सभेसाठी सार्वजनिक जागा न मिळाल्याने फत्तेखान या मुस्लिम गृहस्थाने आपली जागा दिली होती. अध्यक्षीय भाषणात डॉ. आंबेडकरांनी या सभेची तुलना १७८९ मध्ये व्हर्साय येथे भरलेल्या फ्रेंच सभेशी केली, कारण दोन्ही ठिकाणी प्रश्न पाण्याचा किंवा कराचा तेवढाच नव्हता, तर समाजाची नवी घडी बसवण्याचा होता. ज्या ग्रंथाने एका वर्गाला ज्ञानाचा अधिकार नाकारला, त्याचे दहन आणि स्त्रियांना उद्देशून केलेले मुलींना शिकवण्याचे आवाहन या दोन गोष्टी एकाच परिषदेत झाल्या, हे लक्षात घेतले पाहिजे. चवदार तळ्याच्या वापरावरून सुरू झालेला न्यायालयीन लढा पुढे दहा वर्षे चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने, अस्पृश्यांना वगळण्याची प्राचीन रूढी सिद्ध झालेली नाही, या आधारावर निकाल त्यांच्या बाजूने दिला. एका ठरावाला वास्तव व्हायला १४ वर्षे, दोन परिषदा आणि एक खटला लागला.

मत आधी, शाळा नंतर

ब्रिटनमध्ये १८६७ च्या सुधारणेने शहरी कामगारांना मत मिळाले आणि त्यापाठोपाठ १८७० मध्ये प्राथमिक शिक्षणाचा कायदा आला. नव्या मतदारांना शिकवले पाहिजे, ही निकड तेथील राज्यकर्त्यांना वाटली. भारताने त्याहून मोठे धाडस केले. साक्षरतेची कोणतीही अट न घालता संविधानाने प्रत्येक प्रौढाला मत दिले. १९५१ च्या जनगणनेनुसार देशातील साक्षरता सुमारे १८ टक्के होती आणि त्याच काळात झालेल्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत कुलाबा मतदारसंघातील, बहुसंख्येने निरक्षर असलेल्या, मतदारांनी नात्याच्या चिंतामणरावांना लोकसभेवर पाठवले. निरक्षरता हा वगळलेल्यांचा दोष नसून वगळणाऱ्यांच्या कारभाराचा परिणाम आहे, म्हणून तिची शिक्षा मतदाराला देता येणार नाही, ही या निर्णयामागची नैतिक भूमिका होती.

मात्र या भूमिकेची दुसरी बाजू दुर्बल राहिली. संविधानाच्या ४५ व्या अनुच्छेदाने १४ वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना दहा वर्षांत मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न राज्य करील असे म्हटले. पण हा अनुच्छेद मार्गदर्शक तत्त्वांत होता, म्हणजे न्यायालयात दाद मागता येईल असा हक्क नव्हता. १९६० साल उलटून गेले आणि ध्येय दूरच राहिले. दरम्यान मराठी भाषकांच्या राज्याच्या, म्हणजे संयुक्त महाराष्ट्राच्या, प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडलेले देशमुख १९५६ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले आणि पुढे दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू म्हणून त्यांनी काम केले. विद्यापीठांना अनुदान देणारी देशव्यापी यंत्रणा उभी करण्यात त्यांचा वाटा मोठा आहे. त्यांच्या पत्नी दुर्गाबाई देशमुख यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय स्त्रीशिक्षण समितीने १९५९ मध्ये मुली आणि मुले यांच्या शिक्षणातील तफावत हा स्वतंत्र आणि तातडीचा राष्ट्रीय प्रश्न मानावा, असे सांगितले. एकाच घरातून चाललेली ही दोन कामे स्वातंत्र्योत्तर धोरणातील ताण दाखवतात : शिखर उंच करायचे की पाया रुंद करायचे. कोल्हापूर जिल्ह्यात जन्मलेले आणि शिक्षणविषयक कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव असलेले जे. पी. नाईक यांनी समता, गुणवत्ता आणि संख्या या तीन उद्दिष्टांचा मेळ बसवणे हाच भारतीय शिक्षणाचा मुख्य पेच असल्याचे दाखवून दिले. १९६६ च्या कोठारी अहवालाने सर्व थरांतील मुले एकत्र शिकतील अशी समान शाळा आणि परिसरशाळा सुचवली. ती शिफारस मान्य झाली, पण अंमलात आली नाही.

महाराष्ट्रात १ मे १९६२ पासून प्राथमिक शाळा जिल्हा परिषदांकडे आल्या. १९२३ च्या स्कूल बोर्डांपेक्षा हे विकेंद्रीकरण मूलतः निराळे होते, कारण आता निवडून देणारा मतदार प्रत्येक प्रौढ होता, राखीव जागांची तरतूद होती आणि खोतीचे उच्चाटन १९४९ च्या कायद्याने झाले होते. महाड-पोलादपूरच्या डोंगरवाड्यांपर्यंत पोचलेली जिल्हा परिषदेची शाळा ही त्या बदलाची सर्वांत ठोस खूण आहे. महाडमध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाविद्यालय उभे राहिले आणि १९८९ मध्ये जवळच लोणेरे येथे डॉ. आंबेडकरांच्या नावाचे तंत्रशास्त्र विद्यापीठ स्थापन झाले. मोरे यांच्या पिढीला वर्गाबाहेर बसवणाऱ्या तालुक्यात त्यांच्या नेत्याच्या नावाने उच्च शिक्षण चालू लागणे, हा या इतिहासातील खरा पल्ला आहे.

अंतराचा नवा प्रश्न

२००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने आणि २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने अखेर ६ ते १४ वयोगटाला शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला. जुना प्रश्न मात्र नव्या रूपात शिल्लक आहे. डोंगरातील वाड्यांतून माणसे मुंबई-पुण्याकडे गेली, गावांत मुले कमी राहिली आणि ज्यांना जाणे शक्य आहे ती कुटुंबे मुलांना शहरातील इंग्रजी माध्यमाच्या खासगी शाळांत घालतात. वाडीच्या शाळेत उरतात ती सर्वांत गरीब घरांतील, विशेषतः कातकरी आणि धनगर समाजातील मुले. कातकरी कुटुंबे पावसाळ्यानंतर वीटभट्ट्यांवर आणि कोळसाभट्ट्यांवर स्थलांतर करतात, तेव्हा ती मुले पटावर राहूनही शाळेबाहेर जातात. २०१७ मध्ये राज्य सरकारने १० पेक्षा कमी पट असलेल्या सुमारे १,३०० शाळांचे जवळच्या शाळांत समायोजन करण्याचे ठरवले, आणि नंतर २० पेक्षा कमी पटाच्या शाळांऐवजी समूह शाळांची, म्हणजे अनेक छोट्या शाळांच्या जागी एका मोठ्या शाळेची, कल्पना पुढे आली. मोठ्या शाळेत अधिक शिक्षक आणि सोयी मिळतात, हा युक्तिवाद चुकीचा नाही. पण सह्याद्रीच्या पायथ्याशी नकाशावरचे दोन किलोमीटर म्हणजे पावसाळ्यात दुथडी भरलेला ओढा आणि निसरडी घाटवाट असते. वाहनाची खात्री नसेल तर समायोजनाचा पहिला बळी मुलीचे शिक्षण ठरते. पूर्वी जातीमुळे वर्गाबाहेर राहावे लागे. आता अंतर आणि दारिद्र्य मिळून तोच परिणाम घडवू शकतात, आणि त्याचा भार पुन्हा त्याच थरांवर पडतो.

खासगी शाळांतील २५ टक्के जागा दुर्बल घटकांसाठी राखून ठेवण्याच्या तरतुदीला सरकारी शाळेपासून एक किलोमीटरच्या आतील खासगी शाळांपुरती सूट देणारी अधिसूचना फेब्रुवारी २०२४ मध्ये निघाली आणि त्याच वर्षी जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. यावेळीही प्रश्न न्यायालयात नेला तो पालकांनी आणि संघटनांनी. शिक्षण हक्क कायद्याने खासगी विनाअनुदानित शाळा वगळता प्रत्येक शाळेत शाळा व्यवस्थापन समिती बंधनकारक केली असून तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. शाळेवर ताबा कोणाचा, या १९२३ च्या प्रश्नाला कायद्याने दिलेले हे उत्तर आहे. ते खरे व्हायचे असेल, तर समितीतील कातकरी आईला अनुदानाचा हिशेब मागता आला पाहिजे आणि तिच्या प्रश्नाला उत्तर देणे शाळेला भाग पडले पाहिजे.

नाते-महाड परिसराचा इतिहास धोरणकर्त्यांना एक ठाम निकष देतो. कोणत्याही शैक्षणिक निर्णयाची परीक्षा तो सरासरी विद्यार्थ्याला काय देतो यावरून नव्हे, तर ज्याला वर्गाबाहेर ठेवणे सर्वांत सोपे आहे त्याला तो आत आणतो की नाही, यावरून झाली पाहिजे. सार्वजनिक पैसा समतेच्या अटीशी बांधलेला असावा, स्थानिक अधिकाराबरोबर मूलभूत हक्काची हमी वरून असावी आणि विशेष गरजेला विशेष साह्य मिळावे, ही तीन सूत्रे या तालुक्याने शंभर वर्षांपूर्वी मांडली. ती धोरणात उतरवणे हे राज्याचे कर्तव्य आहे आणि ती उतरली की नाही हे विचारत राहणे हे नागरिकांचे.